चर्चिल आणि डायना एकाच घराण्यातले कसे? मार्लबरो घराण्याच्या लग्नांची ३०० वर्षांची गोष्ट

६ नोव्हेंबर १८९५. न्यूयॉर्कमधल्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या सेंट थॉमस चर्चबाहेर तुफान गर्दी. आत नवरदेव उभा आहे आणि नवरीचा पत्ता नाही. ती आली तब्बल वीस मिनिटं उशिरा. सकाळपासून ती एकटी खोलीत रडत होती आणि रडून सुजलेल्या डोळ्यांनी चर्चमध्ये जाणं शक्य नव्हतं.

नवरीचं नाव कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट. वय १८. अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत रेल्वेमालकांच्या घरातली मुलगी. नवरदेव चार्ल्स स्पेन्सर-चर्चिल, इंग्लंडमधल्या मार्लबरो घराण्याचा नववा ड्यूक, वय २३. लग्नाच्या करारानुसार ड्यूकला रेल्वे कंपनीचे २५ लाख डॉलर किमतीचे शेअर्स मिळाले. त्यावर ४ टक्के परतावा, तोही हमीचा. शिवाय नवरा-बायको दोघांना दरवर्षी प्रत्येकी १ लाख डॉलर.

आपल्याकडे याला एकच शब्द आहे. हुंडा.

हा ड्यूक म्हणजे विन्स्टन चर्चिलचा सख्खा चुलतभाऊ. आणि याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेत पुढे प्रिन्सेस डायना जन्माला आली. चर्चिल आणि डायना एकाच घराण्यातले, हे इन्स्टाग्रामवरच्या रीलमध्ये अधूनमधून दिसतं. पण कसे, ते कुणी सांगत नाही. ते समजून घ्यायचं तर या घरातल्या लेकी आणि सुना कोण होत्या ते बघावं लागतं.

आधी थोडं व्याकरण

इंग्लंडमध्ये राजघराण्याच्या खाली सरदारांची उतरंड आहे. सगळ्यात वर ड्यूक, मग मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि शेवटी बॅरन. किताब, वाडा, जमीन हे सगळं साधारणपणे थोरल्या मुलाला मिळतं. ड्यूकच्या धाकट्या मुलांना नावापुढे 'लॉर्ड' लावता येतं, हातात मात्र फारसं काही पडत नाही. मुलींना लग्नाच्या वेळी ठरलेली रक्कम. मुलगाच नसला तर बहुतेक किताब भाऊ, पुतण्या असं शोधत जातात आणि कुणीच सापडलं नाही तर संपतात.

दत्तक घेण्याची सोयही नाही. आपल्याकडे गादीला वारस नसला की दत्तकविधान व्हायचं (आणि डलहौसीने नेमकं तेच नाकारून सातारा खालसा केलं). इंग्लंडमध्ये मूल दत्तक घेण्याचा कायदाच मुळात १९२६ साली आला, आणि दत्तक मुलाला सरदारकीचा किताब आजही मिळत नाही.

थोडक्यात, घराणं टिकवायचं तर मुलगा हवा, आणि वाडा टिकवायचा तर पैसा हवा. मार्लबरो घराण्याला दोन्हींची टंचाई वारंवार भासली.

सारा, जिने हे घर उभं केलं

'द फेव्हरिट' हा २०१८ चा सिनेमा बघितला असेल तर सारा तुम्हाला माहीत आहे. ऑलिव्हिया कोलमनला ज्या राणी ॲनच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, त्या राणीची जिवलग मैत्रीण म्हणजे ही सारा. रेचल वाइझने साकारलेली.

सारा जेनिंग्ज दरबारात वाढली. तिच्यावर जीव जडला तो जॉन चर्चिल नावाच्या देखण्या, हुशार आणि जवळपास कफल्लक लष्करी अधिकाऱ्याचा. तरुणपणी राजाच्या रखेलीने, बार्बरा व्हिलिअर्सने दिलेल्या पैशातून जॉनने स्वतःसाठी कायमचं वार्षिक उत्पन्न विकत घेतलं होतं, असं सांगतात. त्याच्या आईवडिलांना कॅथरिन सेडली ही श्रीमंत सून हवी होती. जॉनने मात्र १६७७-७८ च्या हिवाळ्यात गुपचूप साराशी लग्न केलं. या घराण्याच्या इतिहासात पैशाचा विचार बाजूला ठेवून झालेली जी मोजकी लग्नं आहेत, त्यातलं हे पहिलं. गंमत म्हणजे पैसा आला तो याच लग्नामुळे.

कारण राजकुमारी ॲनचं साराशिवाय पान हलत नसे. पत्र लिहिताना मानमरातब नको म्हणून दोघींनी टोपणनावं घेतली होती, 'मिसेस मॉर्ली' आणि 'मिसेस फ्रीमन'. १७०२ मध्ये ॲन राणी झाली आणि त्याच वर्षी जॉन चर्चिल मार्लबरोचा ड्यूक झाला. दोन वर्षांनी, १३ ऑगस्ट १७०४ रोजी, त्याने बव्हेरियातल्या ब्लिंडहाइम गावाजवळ फ्रान्सच्या सैन्याचा धुव्वा उडवला. इंग्रजांनी त्या गावाचं नाव ब्लेनिम करून टाकलं. बक्षीस म्हणून राणीने ऑक्सफर्डजवळची वुडस्टॉकची जहागीर दिली आणि तिथे ब्लेनिम पॅलेस बांधायला सुरुवात झाली. जहागिरीचं भाडं? दरवर्षी लढाईच्या तारखेला फ्रेंच लिली फुलांचं चिन्ह असलेला एक झेंडा राजाकडे पोचवायचा, बस्स.

आता किताब होता, जहागीर होती, राजवाडा उभा राहत होता. वारस मात्र आधीच गेला होता. एकुलता एक जिवंत मुलगा, जॉन, केंब्रिजमध्ये शिकत होता. फेब्रुवारी १७०३ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, तो देवीच्या रोगाने गेला. धाकटा चार्ल्स लहानपणीच गेला होता. मागे राहिल्या चार मुली.

एक कायदा, फक्त या घरासाठी

नेहमीच्या नियमाने हा किताब जॉनबरोबरच संपला असता. पण युरोपातला सगळ्यात यशस्वी सेनापती आणि राणीची मैत्रीण यांच्यासाठी नियम वाकला. १७०६ मध्ये संसदेने खास कायदा केला: मुलगा नसेल तर किताब मुलींकडे आणि त्यांच्या वंशजांकडे जाईल, आणि ड्यूकचा एकही वंशज, मग तो पुरुष असो की स्त्री, जिवंत आहे तोवर संपणार नाही. ब्रिटनमधल्या ड्यूकच्या किताबांमध्ये ही सोय आज फक्त याच एका किताबाला आहे.

चारही मुली मोठ्या घरांत दिल्या होत्या. थोरली हेन्रिएटा, देशाचा खजिना सांभाळणाऱ्या सिडनी गोडॉल्फिनच्या मुलाला. दुसरी ॲन, सन्डरलंडचा अर्ल चार्ल्स स्पेन्सर याला. तिसरी एलिझाबेथ ब्रिजवॉटर घराण्यात आणि चौथी मेरी माँटेग्यू घराण्यात. जावयांची ही यादी म्हणजे त्या काळच्या इंग्लंडच्या सत्तेचा नकाशाच होता.

१७२२ मध्ये पहिला ड्यूक वारला आणि हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. म्हणजे ड्यूकची बायको म्हणून नव्हे, किताबाची मालकीण म्हणून. तिचं आणि आईचं अजिबात पटत नसे. नाटककार विल्यम काँग्रीव्ह याच्याशी तिची जवळीक सगळ्या लंडनला ठाऊक होती. १७२३ मध्ये झालेली तिची धाकटी मुलगी त्याचीच, असं लोक उघड बोलत. तिचा मुलगा तिच्याआधी, १७३१ मध्ये गेला. १७३३ मध्ये ती गेली तेव्हा तिच्या वंशात मुलगा उरला नव्हता.

मग किताब वळला दुसऱ्या बहिणीकडे. ॲन १७१६ मध्येच वारली होती, त्यामुळे तिचा मुलगा चार्ल्स स्पेन्सर मार्लबरोचा तिसरा ड्यूक झाला.

थोरली पाती, धाकटी पाती

चर्चिल आणि डायना यांचा धागा इथे सापडतो.

स्पेन्सर मूळचे मेंढीवाले. लोकरीच्या व्यापारात गब्बर होऊन त्यांनी १५०८ मध्ये नॉर्दॅम्प्टनशायरमधली ऑल्थॉर्पची जागा घेतली होती. १७३३ मध्ये चार्ल्स मार्लबरोचा ड्यूक झाला, तेव्हा कुटुंबातल्या ठरावाप्रमाणे ऑल्थॉर्प धाकट्या भावाकडे, जॉनकडे गेलं. थोरल्या पातीला किताब आणि ब्लेनिम, धाकट्या पातीला ऑल्थॉर्प.

आजी सारा अजून जिवंत होती आणि तिचा जीव धाकट्यावर होता. नवऱ्यामागे तिने स्वतःच्या हिमतीने पैसा वाढवला होता, इतका की ती युरोपातल्या सर्वांत श्रीमंत बायकांमध्ये गणली जाई. १७४४ मध्ये ती गेली तेव्हा स्वतः जमवलेल्या इस्टेटींचा मोठा हिस्सा तिने जॉनला दिला. त्यामुळे थोरल्या पातीकडे आला प्रचंड राजवाडा आणि त्याचा खर्च, धाकट्या पातीकडे आली रोकड. आपल्याकडच्या कुठल्याही वाटणीच्या भांडणात शोभेल अशी ही वाटणी.

जॉनचा मुलगा १७६५ मध्ये अर्ल स्पेन्सर झाला. त्याची मुलगी जॉर्जियाना १७७४ मध्ये, सतराव्या वाढदिवशी, डेव्हनशायरच्या ड्यूकला दिली गेली. कीरा नाइटलीचा 'द डचेस' तिच्यावरच आहे. याच पातीत १९६१ मध्ये डायना जन्मली. म्हणजे चर्चिल आणि डायना या दोघांच्या बापाकडून वर चढत गेलं तर दोन्ही वाटा ॲन चर्चिल आणि चार्ल्स स्पेन्सर या जोडप्यापाशी एकत्र येतात.

आणि एक योगायोग. साराच्या एका लाडक्या नातीचं नावही लेडी डायना स्पेन्सर होतं. आईविना वाढलेल्या या नातीचं लग्न प्रिन्स ऑफ वेल्स फ्रेडरिकशी लावून द्यायचं, हुंडा १ लाख पौंड, असा बेत साराने आखला होता आणि पंतप्रधान वॉलपोलने तो हाणून पाडला, असा किस्सा सांगितला जातो. ही डायना शेवटी बेडफर्ड घराण्यात गेली आणि १७३५ मध्ये तरुणपणीच क्षयाने वारली. स्पेन्सरांच्या डायनाला प्रिन्स ऑफ वेल्स नवरा मिळायला १९८१ उजाडावं लागलं.

एक गोष्ट लक्षात आली का? बापाकडून मोजायचं तर विन्स्टन चर्चिल हा 'चर्चिल' नव्हताच. तो स्पेन्सर. ॲनच्या लग्नानंतर चर्चिल हे आडनाव या घरातून नाहीसंच झालं होतं. १८१७ मध्ये पाचव्या ड्यूकने राजाच्या परवानगीने ते पुन्हा जोडून घेतलं आणि घराणं 'स्पेन्सर-चर्चिल' झालं. या पाचव्या ड्यूकबद्दल एवढंच सांगितलं तरी पुरे, की वारस असताना त्याने एका जुन्या छापील पुस्तकासाठी २,२६० पौंड मोजले होते आणि पुढे कर्जापायी त्याला आपलं ग्रंथालय विकावं लागलं.

काळा घोडा आणि चर्चिलांची हद्दपारी

विन्स्टनचा बाप लॉर्ड रँडॉल्फ हा सातव्या ड्यूकचा धाकटा मुलगा. म्हणजे किताब नाही, जमीन नाही. ऑगस्ट १८७३ मध्ये जहाजावरच्या एका नाचाच्या कार्यक्रमात त्याची जेनी जेरोमशी ओळख झाली आणि तिसऱ्या दिवशी त्याने तिला मागणी घातली. ड्यूकने चौकशी केली तर मुलीचा बाप लेनर्ड जेरोम न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला सट्टेबाज, स्वतःचं रेसकोर्स बांधणारा गडी. ड्यूकला हे स्थळ काही रुचलं नाही.

नंतरची घासाघीस वाचण्यासारखी आहे. जेरोम ५० हजार पौंड द्यायला तयार होता, ज्याचं वर्षाला २ हजार पौंड उत्पन्न येईल. पण त्यातला वाटा आपल्या मुलीच्या स्वतःच्या हातात राहावा, ही त्याची अट. ड्यूकच्या वकिलांना हे कळेचना. बायकोला वेगळा पैसा कशाला? तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात बाईची बहुतेक संपत्ती लग्नाबरोबर नवऱ्याची होऊन जाई. हे बऱ्याच अंशी बदललं ते १८८२ च्या कायद्याने. शेवटी उत्पन्न निम्मं निम्मं वाटायचं ठरलं. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमधल्या ब्रिटिश वकिलातीत लग्न लागलं. ड्यूक आणि डचेस आले नाहीत. विन्स्टनचा जन्म त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ब्लेनिममध्ये झाला. साडेसात महिने होतात, हिशेब लोकांनी तेव्हाही केला होता.

पुढचं प्रकरण थेट मुंबईशी जोडलेलं आहे. ८ नोव्हेंबर १८७५ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, मुंबई बंदरात उतरला. या भेटीची आठवण म्हणून त्याचा घोड्यावरचा पुतळा उभारला गेला. काळा घोडा म्हणतात तो हाच. मूळ पुतळा आता राणीच्या बागेत आहे. प्रिन्सच्या लवाजम्यात लॉर्ड एल्सफर्ड नावाचा त्याचा दोस्त होता. इकडे एल्सफर्ड हिंदुस्थानात शिकारी करत होता आणि तिकडे त्याची बायको रँडॉल्फच्या थोरल्या भावाच्या, ब्लँडफर्डच्या प्रेमात पडली होती. फेब्रुवारी १८७६ मध्ये नेपाळच्या तराईत मुक्काम असताना बायकोचं पत्र येऊन पोचलं: मी घर सोडतेय.

प्रिन्स ब्लँडफर्डवर भडकला. भावाला वाचवायला रँडॉल्फने अफाट चाल खेळली. प्रिन्सनेही पूर्वी याच बाईला प्रेमपत्रं लिहिली होती आणि ती पत्रं रँडॉल्फच्या हातात होती. तो थेट प्रिन्सच्या बायकोकडे गेला आणि पत्रं छापून आणण्याची धमकी देऊन आला. गोष्ट द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेली. अखेर प्रिन्सने जाहीर केलं, की चर्चिलांना जो घरी बोलावेल त्याच्या घरी मी पाऊल ठेवणार नाही.

लंडनच्या उच्चभ्रू समाजात हा वाळीत टाकण्याचाच प्रकार होता. वाट काढली पंतप्रधान डिझरायलीने: सातव्या ड्यूकला आयर्लंडचा व्हाइसरॉय म्हणून पाठवलं. रँडॉल्फ बापाचा बिनपगारी सचिव म्हणून सोबत गेला. विन्स्टनच्या लहानपणीच्या पहिल्या आठवणी डब्लिनच्या आहेत त्या यामुळे.

ब्लँडफर्ड आणि लेडी एल्सफर्ड यांना १८८१ मध्ये पॅरिसमध्ये मुलगा झाला. एल्सफर्ड मेल्यावर त्या मुलाच्या नावाने किताबावर दावा सांगितला गेला. १८८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. ब्लँडफर्डने तिच्याशी लग्न कधीच केलं नाही.

गव्हाने घालवलं, रेल्वेने दिलं

इंग्लिश सरदारांचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः कुळांकडून येणारा खंड. १८७० च्या दशकात अमेरिकेतल्या गवताळ प्रदेशात रेल्वे पोचली, तिथला गहू बंदरांपर्यंत आणि तिथून आगबोटींनी युरोपात स्वस्तात यायला लागला. इंग्लंडमध्ये धान्याचे भाव कोसळले, कुळं खंड भरेनाशी झाली. ब्लेनिमसारखा अवाढव्य राजवाडा, त्याचं छप्पर, शेकडो खोल्या आणि नोकरचाकर हा खर्च मात्र होता तिथेच.

सातव्या ड्यूकने १८७५ मध्ये घराण्याचा रत्नांचा संग्रह विकला. पुस्तकं विकायला तर कायदाच आडवा आला, कारण वडिलोपार्जित वस्तू वारसांसाठी बांधून ठेवलेल्या होत्या. १८८० मध्ये खास परवानगीचा कायदा करून घेतला आणि सन्डरलंड ग्रंथालय लिलावात काढलं. मग ब्लँडफर्ड आठवा ड्यूक झाला आणि त्याने भिंतीवरची चित्रं काढली. १८८५ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने राफाएलचं एक चित्र ७० हजार पौंडांना आणि व्हॅन डाइकने काढलेलं पहिल्या चार्ल्सचं चित्र १७,५०० पौंडांना घेतलं. दोन्ही आजही तिथेच आहेत.

विकण्यासारखं संपत आलं तेव्हा उरला एकच उपाय. पहिल्या बायकोने १८८३ मध्ये घटस्फोट घेतलेला. १८८८ मध्ये ड्यूकने न्यूयॉर्कला जाऊन लिली हॅमर्सली या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. लिलीच्या पैशातून ब्लेनिमला वीज आली, खोल्या गरम ठेवायची सोय झाली, ग्रंथालयाच्या दालनात प्रचंड ऑर्गन बसला. १८९२ मध्ये ड्यूक अचानक वारला आणि तिचा पैसा तिच्यासोबत गेला.

विसाव्या वर्षी नववा ड्यूक झालेल्या मुलाला सगळे 'सनी' म्हणत. स्वभाव प्रसन्न म्हणून नाही. लहानपणी त्याच्याकडे अर्ल ऑफ सन्डरलंड हा किताब होता, त्याचं हे लघुरूप. स्वभाव उलटाच होता.

आणि त्याने ज्यांची मुलगी केली ते व्हँडरबिल्ट कोण? न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचे मालक. पश्चिमेचा गहू किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या बड्या रेल्वेंपैकी एक. ज्या रुळांनी ब्लेनिमचा खंड खाल्ला, त्याच रुळांचा नफा हुंडा बनून ब्लेनिममध्ये परत आला. या घराण्याबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त थांबायला लावलेली गोष्ट हीच.

कॉन्सुएलो

कॉन्सुएलोला सनी नको होता. तिचं विंथ्रॉप रदरफर्ड या तरुणावर प्रेम होतं आणि दोघांनी लग्नाचं ठरवलंही होतं. आई ॲल्व्हाला मात्र जावई ड्यूकच हवा होता. मुलीला घरात कोंडलं, येणारी-जाणारी पत्रं अडवली. त्या मुलाला गोळी घालीन म्हणाली. तेवढ्याने भागेना तेव्हा आईला हृदयविकाराचा झटका आलाय, तुझ्या हट्टाने ती मरेल, असा निरोप आला. कॉन्सुएलोने मान खाली घातली. लग्नाच्या सकाळी तिच्या खोलीबाहेर नोकर उभा होता, कुणी आत जाऊन तिच्याशी बोलू नये म्हणून.

लग्नानंतर नवऱ्याने सांगून टाकलं, की माझंही दुसऱ्या मुलीवर प्रेम होतं, घरासाठी ते सोडून तुझ्याशी लग्न केलं. ब्लेनिममध्ये पोचल्यावर आजेसासूने पहिली सूचना केली ती मुलाची. कारण १८९५ च्या जानेवारीत रँडॉल्फ वारला होता आणि सनीला मूल होईपर्यंत किताबाचा पुढचा वारस होता विन्स्टन. आजीला स्वतःचा हा नातू ड्यूक झालेला अजिबात नको होता. सप्टेंबर १८९७ मध्ये कॉन्सुएलोला मुलगा झाला आणि विन्स्टन रांगेत मागे गेला. मुलगा झाला नसता आणि विन्स्टन ड्यूक झाला असता तर तो आपोआप हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला असता. त्या काळी ड्यूकपद नाकारायची सोय नव्हती. १९४० मध्ये लॉर्ड्समध्ये बसणारा माणूस पंतप्रधान झाला असता का, यावर वाद घालता येईल.

पुढच्या वर्षी दुसरा मुलगा, आयव्हर. 'वारस आणि एक जास्तीचा' अशा अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार बरेचदा कॉन्सुएलोच्या नावावर सांगितला जातो. तिच्या धाकट्या नातलगाने, म्हणजे डायनाच्या प्रिन्स हॅरीने, २०२३ मध्ये आपल्या आत्मचरित्राला याच वाक्प्रचारातलं 'स्पेअर' हे नाव दिलं.

१९०६ मध्ये नवरा-बायको वेगळे झाले. कॉन्सुएलो लंडनमध्ये स्त्रियांच्या आणि गरिबांच्या प्रश्नांवर काम करू लागली, १९१७ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलवर निवडून आली. घटस्फोट झाला १९२१ मध्ये आणि त्याच वर्षी तिने जॅक बालसान या फ्रेंच वैमानिकाशी लग्न केलं. हे मात्र तिने निवडलेलं लग्न होतं.

बालसान कुटुंब कॅथलिक होतं. पहिलं लग्न मुळातच रद्द ठरवून घेण्यासाठी प्रकरण चर्चच्या न्यायालयात गेलं, आणि तिथे साक्ष द्यायला उभी राहिली ॲल्व्हा. लग्न मुलीच्या मर्जीने झालं नव्हतं, माझ्या हुकमाने झालं, असं तिने स्वतः सांगितलं. १९२६ मध्ये लग्न रद्द ठरलं. मधल्या काळात ही ॲल्व्हा अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीची मोठी नेती आणि देणगीदार झाली होती. एकाच बाईच्या आयुष्यातल्या या दोन गोष्टी आहेत, आणि त्यांचा मेळ कसा घालायचा ते मला तरी सांगता येत नाही.

सनीने १९२१ मध्येच ग्लॅडिस डीकनशी लग्न केलं, जी आधी कॉन्सुएलोची मैत्रीण होती. नाक रेखीव दिसावं म्हणून तरुणपणी तिने त्यात मेण टोचून घेतलं होतं आणि ते पुढे चेहऱ्यात उतरलं. ब्लेनिमच्या दर्शनी छतावर रंगवलेले डोळे आणि बागेतल्या स्फिंक्सचा चेहरा तिच्याशी जोडले जातात. हेही लग्न मोडकळीला आलं. सनी १९३४ मध्ये वारला.

कॉन्सुएलोचा मृत्यू डिसेंबर १९६४ मध्ये अमेरिकेत झाला. तिच्या इच्छेप्रमाणे तिला ब्लेनिमजवळच्या ब्लेडन गावात, मुलगा आयव्हरच्या शेजारी पुरलं. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९६५ मध्ये, त्याच छोट्या दफनभूमीत विन्स्टन चर्चिलला आणलं गेलं.

आता तिकिटं लावून

कॉन्सुएलोच्या थोरल्या मुलाने, दहाव्या ड्यूकने, १९५० मध्ये ब्लेनिम लोकांसाठी खुलं केलं. तेव्हापासून वाड्याच्या खर्चाचा भार पर्यटकांच्या तिकिटांनी उचलला आहे. १९८७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. अकराव्या ड्यूकने चार लग्नं केली. त्यातली दुसरी बायको टीना, ग्रीक जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनासिसची घटस्फोटित पत्नी. पैशासाठी लग्न ही गोष्ट तोवर मागे पडली होती, पण वारसाची काळजी होतीच: १९९४ मध्ये त्याने कोर्टात जाऊन इस्टेट विश्वस्तांच्या हाती राहील अशी व्यवस्था करून घेतली, म्हणजे मुलाला किताब मिळाला तरी कारभार एकट्याच्या हातात जाऊ नये. २०१४ मध्ये तो वारला आणि तो मुलगा बारावा ड्यूक झाला.

१७०६ चा कायदा अजून लागू आहे. थोरल्या पातीतले सगळे पुरुष संपले तर किताब धाकट्या पातीतल्या पुरुषांकडे, म्हणजे डायनाचा भाऊ अर्ल स्पेन्सर याच्या घराकडे जाईल. बाईचा नंबर त्यानंतर कधीतरी. हेन्रिएटा १७३३ मध्ये गेल्यापासून एकाही स्त्रीच्या वाट्याला तो आलेला नाही.